देवळात उघडलेली खाती

मालवण, २४ ऑगस्ट १९६४

ती. भाईस,

साष्टांग नमस्कार लिहितो आहे, घालत नाही. रोज पंधरा-वीस मैल सायकल हाणून गुडघ्यांची अशी दशा झाली आहे की एकदा आडवा पडलो तर आईला हाक मारून उठावे लागेल.

तू हेड ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलास म्हणून दीपस्तंभ बँकेच्या मालवण शाखेत मला ठेव-प्रतिनिधीची जागा मिळाली, हे मी विसरलेलो नाही. विसरायचे ठरवले तरी माझी आई, तुझी मावशी, विसरू देणार नाही. जेवताना रोज एकदा ऐकवते, "भाई नसतो तर तू अजून घराक बसान रवलो असतस!" गिरणीतली नोकरी गेल्यावर मी दोन वर्षे घरी होतो, त्यामुळे मला उलट बोलताही येत नाही. डिसेंबरअखेर काम पसंत पडले तर कायम, नाही पडले तर पुन्हा घर. एवढा साधा मामला आहे.

आता खरे दुखणे सांगतो. महिन्यापूर्वी तुमच्याकडून ठेव-वाढ मोहिमेचे परिपत्रक आले. प्रत्येक प्रतिनिधीने ३१ डिसेंबरपर्यंत दोनशे नवी खाती आणायची. वर ठळक अक्षरांत घोषणा: 'जिथे चूल, तिथे खाते.' भाई, हे ज्याने लिहिले त्याला एकदा भर दुपारी मसुऱ्याच्या चढावर सायकल ढकलायला लावले पाहिजे. चढ संपायच्या आत त्याने घोषणा बदलली नाही तर मी नाव बदलीन.

आमचे मॅनेजर कारखानीस पुण्याचे. मासळीच्या वासाने त्यांचे डोके चढते, पण परिपत्रक त्यांना देवाच्या जागी. त्यांनी बँकेत काळा फळा टांगला आहे. त्यावर माझे नाव, दुसरा प्रतिनिधी लवू याचे नाव, आणि पुढे आणलेल्या खात्यांचा आकडा. शनिवारी ज्याचा आकडा कमी, त्याने गिऱ्हाइकांदेखत उभे राहून परिपत्रक मोठ्याने वाचायचे. तीन शनिवार मीच वाचतो आहे. आता कागद न बघताही म्हणता येते.

काल माडवाडीला गेलो होतो. किनाऱ्यावर रापण ओढत होते, माझ्याकडे बघायला कोणाला सवड? शेवटी सायकल वाळूत टाकली आणि दोराला हात घातला. जाळे वर आल्यावर परशुराम तांडेलाला गाठले. तो रापणीचा म्होरक्या. तो हो म्हणाला तर वाडी हो म्हणते. मी बचतीवर तासभर बोललो. त्याने शांतपणे विचारले, "आमी बँकेत पैशे ठेवले तर बँक आमच्यावांगडा दोर ओढूक येतली?" मी म्हटले, नाही. "मगे तू येत रव, बँक रवांदे," असे म्हणून त्याने माझ्या पिशवीत पेडवे मासळीचा वाटा ओतला. दोराला हात लावील त्याला वाटा, ही रीत तुला ठाऊक आहेच. आजाऱ्याचा आणि विधवेचा वाटा तर दोर न ओढताही घरपोच जातो. आणि या लोकांना उद्याची काळजी कशी करायची ते शिकवायला बँकेने मला पाठवले आहे!

आकडा कमी करून घेता येतो का बघ. ते जमत नसेल तर निदान घोषणा लिहिणाऱ्याचे नाव तरी कळव.

तुझा,
गुरुदास


मुंबई, ३१ ऑगस्ट १९६४

चि. गुरुदास,

आशीर्वाद. पत्र वाचून हसलो, आणि मग काळजी वाटली. ही थट्टा मला लिहितोस ते ठीक, पण शाखेत असे काही बोलू नकोस. तुला घेतले ते माझ्या भरवशावर. ठेव-विभागाचे मोठे साहेब अजून विचारतात, "तुमचा तो भाऊ काय म्हणतो?"

कोटा सगळ्यांनाच आहे. कारवारला आहे, रत्नागिरीला आहे. परिपत्रक कोण लिहितो ते आम्हा कारकुनांना कुठून कळणार? वरून कागद येतो, आम्ही तो टाइप करून खाली पाठवतो. त्याच्या मागे लागण्यात तुझा फायदा नाही.

कामाचे सांगतो. कोळ्यांना बचत सांगू नकोस, नायलॉन सांग. सुती जाळी कुजतात, ती झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवता-रंगवता बायांचे हात काळे पडतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. खातेदारांना नायलॉनच्या जाळ्यांसाठी कर्ज द्यावे असे बँकेच्या विचारात आहे. 'विचारात' हा शब्द दर वेळी उच्चारलाच पाहिजे असे नाही. तू हुशार आहेस.

मावशीस नमस्कार सांग.

भाई


मालवण, १८ सप्टेंबर १९६४

ती. भाईस,

एका दिवसात एकोणीस! तुझ्या नायलॉनने चमत्कार केला. तो एक शब्द मी खिशातच ठेवला आणि बाकीचे सगळे बोललो.

पहिले खाते यमुनाबाईचे. मालवणच्या बाजारात टोपली घेऊन बसते ती. नवरा वादळात गेला, मुलगा रापणीवर आहे. हात पुढे करून दाखवले, कोपरापर्यंत सालीचा रंग. "ह्यो रंग जातलो?" म्हणून विचारले. मी म्हटले, जातलो. "नायलॉन कधी येतला?" मी म्हटले, दिवाळीक. तिने डब्यातून पाच रुपयांची नोट काढून दिली, अंगठा उठवला, आणि शेजारच्या अठरा जणांना स्वतः हाका मारल्या. परशुराम तांडेल मात्र लांब उभा राहून बघत होता.

फळ्यावर माझे नाव वर गेले. शनिवारी लवूने परिपत्रक वाचले. मधेच त्याचा आवाज बसला, मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाकी सर्व क्षेम.

गुरुदास


मुंबई, २५ सप्टेंबर १९६४

चि. गुरुदास,

शाबास! तुझे पत्र साहेबांना वाचून दाखवले, अर्थात निवडक भाग. ते म्हणाले, ह्या मुलाला कायम करायला हरकत नाही. आता थांबू नकोस, सगळी माडवाडी घे. एक वाडी शंभर टक्के झाली तर तिचे नाव साऱ्या शाखांना कळवायचा साहेबांचा बेत आहे. लवूची काळजी लवूला करू दे.

भाई


मालवण, १२ नोव्हेंबर १९६४

भाई,

दिवाळी झाली. नायलॉन आले नाही. मी तुला दोन कार्डे टाकली, त्यांचे उत्तरही आले नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाजारात यमुनाबाईसमोरून जावे लागले. ती बाजारात ओरडली असती तर मला बरे वाटले असते. तिने फक्त विचारले, "दिवाळी झाली मा रे?" आणि कोयता घेऊन सुरमई कापायला लागली. मी बांगडे घ्यायला गेलो होतो, तसाच घरी आलो. त्या दिवशी जेवण गेले नाही.

मग परशुराम तांडेल बँकेत आला. चपला बाहेर काढल्या, माझ्या टेबलापाशी आला. "वाडयेक दिलेलो शब्द देवासमोर ठेवचो लागता," म्हणाला. "सोमवारी रवळनाथाच्या देवळात ये. नारळ घेवन ये." झाले, कारखानिसांनी ऐकले. सगळी वाडी एका जागी जमणार म्हटल्यावर त्यांना दुसरे काही दिसेना. जीप भाड्याने केली, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेतला आणि नाकाला अत्तराचा रुमाल लावून माझ्याबरोबर निघाले.

देवळात उभे राहून मी म्हणायचे होते की, नायलॉन येणार हे खरे आहे. नारळ ठेवला. तोंड उघडले. भाई, आवाज निघाला नाही. फळ्याखाली उभा राहून मी काय वाटेल ते वाचले असते, पण तिथे जमले नाही. देवळाचा मानकरी तुकाराम गावकर म्हातारा आहे, त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि देवापुढचे गाऱ्हाणे स्वतःच घालायला घेतले.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो बँकेचो झील आणि ह्यो परगावचो सायब तुज्या दारात इलो आसा. हेंच्या बोलण्यात जा खरा आसात ता फळाक येवंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा खोटा आसात ता जेचा तेच्या दारात परत जावंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा शेवटचा होकार असा आला की छपरावरचे पारवे उडाले.

कारखानिसांनी मला कोपराने ढोसले. "काय म्हणतायत?" मी म्हटले, देवाला सांगतायत. "बँकेचे नाव घेतले ना? आणि सगळे हो म्हणाले?" मी म्हटले, हो. यापेक्षा जास्त मी बोललो नाही, ही चूक माझीच. आपल्याकडे गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात तेव्हा ते देवाला म्हणतात, माणसाला नव्हे, हे त्या पुण्याच्या माणसाला कोणी सांगायचे? त्याला वाटले, ठराव झाला, मते पडली, एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेड ऑफिसला तार केली: 'माडवाडी संपूर्ण. एकाहत्तर खाती.' मला फॉर्म दिले आणि म्हणाले, "देवासमोर होकार दिलाय लोकांनी, आता कागदच राहिला. मतदारयादीतून नावे घे, अंगठ्यांचे तू बघ." अंगठ्यांचे मी काय बघायचे, ते त्यांनी सांगितले नाही. आठवड्यात फॉर्म भरून गेले म्हणजे मी कायम.

मी म्हटले, साहेब, माडवाडीत चुली चोपन्न आहेत. मी दारोदार हिंडलो आहे. सतरा घरांना कुलपे आहेत, माणसे मुंबईला गेली. त्यांनी परिपत्रकाची पुरवणी काढून माझ्यापुढे आपटली. तिच्यात किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीची नोंद आहे. माडवाडी, चुली एकाहत्तर.

तो आकडा बघून मी खुर्चीत बसलो. तुला आठवते? तू अकरा वर्षांचा, मी सात. वाडीमागच्या टेकडीवर बसून आपण संध्याकाळी धूर मोजायचो. मी मधेच चुकायचो आणि तू माझ्या डोक्यात टप्पल मारून पुन्हा पहिल्यापासून मोजायचास. एकदा एकाहत्तर भरले. तू कोळशाने खडकावर लिहून ठेवलेस आणि म्हणालास, हे आपल्या दोघांचे गुपित.

भाई, ते गुपित मी फोडलेले नाही.

गुरुदास


तार. मुंबई, १६ नोव्हेंबर १९६४

रागाच्या भरात काही करू नकोस. पत्र येत आहे. भाई


मुंबई, १७ नोव्हेंबर १९६४

गुरुदास,

होय. परिपत्रक मी लिहिले. घोषणाही माझी.

मे महिन्यात साहेबांनी विचारले, मालवण किनाऱ्याची माहिती कोणाला आहे? मी छाती पुढे काढून म्हटले, मला. त्यांना एका दिवसात वाडीवार चुली हव्या होत्या. कागद कुठेच नव्हता. मी डोळे मिटून आठवले आणि लिहीत गेलो. माडवाडीपाशी आलो तेव्हा खरे सांगतो, मला त्या संध्याकाळचा वास आला. एकवीस वर्षांत लोक निघून गेले असतील, हे मनात आले नाही. आले असते तरी तेव्हा मी आकडा कमी केला नसता.

जानेवारीत अधिकाऱ्यांची निवड आहे. दहा वर्षे मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद तयार करतो आहे. एकदा सही माझी असावी, एवढेच मागतो आहे.

नायलॉनचे कर्ज साहेबांनी ऑक्टोबरात नामंजूर केले. मला तेव्हाच कळले होते. तुझी मोहीम थंडावेल म्हणून कळवले नाही. कार्डांना उत्तरे दिली नाहीत ती त्यामुळेच.

आता ऐक. ते सतरा घरांचे लोक इथेच आहेत, लालबाग-परळला. त्यांच्या सह्या मी आणतो. चोपन्नांतल्या उरलेल्यांचे तू कर. कोणाचे काही जात नाही, खाते रिकामे राहिले तर राहिले. पण तार खोटी ठरली तर कारखानीस अडकतात, तू जातोस आणि तुझ्यामागोमाग मी. मावशीचा विचार कर. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, आज तू माझा राख.

भाई


मालवण, ६ डिसेंबर १९६४

भाई,

तुझा शब्द राखू की माझा, असा प्रश्न तू घातलास. मी आईला तुझे पत्र वाचून दाखवले. वाटले, ती रडेल. ती म्हणाली, "तुमी दोघव शिकलास. यमुनेचे हात बघलास मा? मगे माका कित्याक इचारतस?" आणि नारळ सोलून हातात दिला.

सोमवारी माडवाडीच्या देवळात गेलो. तुकाराम गावकराला म्हटले, आज गाऱ्हाणे मी घालतो. तो बाजूला झाला. या खेपेस आवाज निघाला.

"बा देवा रवळनाथा! नायलॉन येतला म्हणान मी सांगलंय, ता खोटा होता, रे म्हाराजा!"

मी पुढे म्हटले.

"बँकेचो कोटो माज्या मानेर बसलो होतो, तो मी उचललंय आणि ह्या लोकांच्या मानेर ठेवलंय, रे म्हाराजा! माजा खोटा माज्या दारात परत येवंदे!"

तेव्हा मागून एकट्या यमुनाबाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग सगळ्यांचा. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, मी ती पुसली नाही.

बाहेर आल्यावर परशुराम तांडेल म्हणाला, "तोंडान सांगलस, बरा केलस. आता आमचे पैशे?" मी म्हटले, शनिवारी बँकेत या.

काल शनिवार होता. अकराच्या सुमाराला एकोणीस जणी-जण रांगेने आत आले. बाया थेट बाजारातून आलेल्या, टोपल्या बाहेर लावलेल्या. कारखानीस रुमाल शोधत उठले. "हे काय चालवले आहेस?" मी म्हटले, "खाती बंद करायला आलेत. पण साहेब, आज शनिवार. आधी परिपत्रक वाचायचे ना? आज मी वाचतो." लवू म्हणाला, "पाळी माझी आहे." मी त्याला खाली बसवले आणि फळ्याखाली जाऊन उभा राहिलो. ते परिपत्रक गिऱ्हाइकांसाठी आहे ना, मग गिऱ्हाइकांच्या बोलीतच म्हटले.

"एकेका प्रतिनिधीन दोनशे खाती आणूची!"

रांगेतून कोणीतरी हसून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"जेचो आकडो कमी, तेका फळ्याखाली उभो करूचो!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी रांग. कॅशियरसुद्धा काउंटरच्या आड तोंड लपवून हसत होता.

"माडवाडीत एकाहत्तर चुली आसत!"

यमुनाबाई पुढे आली आणि म्हणाली, "खंय रे? माका दाखय."

कारखानीस माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. भाई, ते त्या क्षणी मला फार थकलेले दिसले. त्यांच्याही डोक्यावर कोणाचा तरी फळा असणार. पण मी माघार घेतली नाही. एकेकाला पुढे बोलावले, अठरा जणांचे पैसे त्यांच्या हातावर पडले. एकोणिसावी यमुनाबाई. तिने स्लिप माझ्या हातातून घेतली आणि फाडली. "माजे आसांदे," म्हणाली. "त्या दिवशी खोट्यार ठेवलंय. आज तू खरा बोललस, म्हणान ठेवतंय."

मी फळ्यावर माझ्या नावापुढचा माडवाडीचा आकडा हाताने पुसला आणि खडूने लिहिले: एक. एवढे मोठे लिहिले की बाजारातून दिसावे.

कारखानिसांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितले. मी सायकलची किल्ली टेबलावर ठेवली. सायकल बँकेची होती ना.

सोबत हेड ऑफिसला लिहिलेले माझे पत्र आहे: माडवाडीत चुली चोपन्न, खाते एक, तार खोटी. सगळ्या शाखांचे कागद आधी तुझ्या टेबलावर येतात, हे मला माहीत आहे. हे पत्र तू साहेबांपर्यंत नेलेस किंवा नाही नेलेस, मला इथे कळणार नाही. मुद्दाम दुसऱ्या वाटेने पाठवलेले नाही. तुझे तू ठरव.

आणखी एक कागद यमुनाबाईचा आहे. तिने सांगितले, मी लिहिले. एक अक्षर इकडचे तिकडे केलेले नाही.

गुरुदास


माडवाडी, ५ डिसेंबर

चुली मोजणाऱ्या सायबाक,

माजा नाव यमुना. तुज्या बँकेत माजे पाच रुपये आसत. ते काडूक मी इलंय नाय, भियां नको.

गुरुदास सांगता, तू मुंबयत बसान आमच्या चुली लिवलस. माजी चूल लिवलस ती बरोबर आसा. माज्या शेजारणीची चूल दोन वर्सां पेटली नाय. ती झिलावांगडा थंय तुमच्यात गेली. तिच्या दारात आता शेवगो वाडलो हा. तेचा खाता उघडतलस?

माज्या हातांचो रंग गेलो नाय. तेचो माका राग नाय, तो कामाचो रंग. पण दिवाळीक येतला म्हणान सांगलास आणि मी अठरा जणांक हाका मारलंय. ते माज्या तोंडाकडे बघान इले. तेंच्या म्होरे माजी मान खाली गेली, ती तू वर करून दी.

चुली मोजूच्यो आसत तर हय ये. टेकडीर बसान नाय, दारात येवन मोज. येशीत तर जेवन जा.

यमुनाबाईचा अंगठा


मुंबई, २३ डिसेंबर १९६४

चि. गुरुदास,

पंधरा दिवस उत्तर दिले नाही. त्यातले आठ दिवस दोन्ही कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते. कुलूप लावून ठेवले होते, आणि तरी दर तासाला ड्रॉवर उघडून बघत होतो. खोटे कशाला बोलू, एकदा तुझे पत्र फाडायला हातही घातला होता. 'टेकडीर बसान नाय' हे वाक्य मात्र पाठ झाले. त्या बाईला कोणी सांगितले की मी टेकडीवर बसून मोजले? तू सांगितले असशील. सांगितलेस ते बरे केलेस.

सोमवारी दोन्ही कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी तुझे वाचले, बाजूला टाकले. म्हणाले, "फाइल करा. वार्षिक अहवालात एकाहत्तरच राहू द्या." मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "आणखी काय?" मी म्हटले, "साहेब, तो आकडा माझा आहे." "मग?" "मी तो अकराव्या वर्षी मोजला होता."

त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. मग मी यमुनाबाईचा कागद वाचून दाखवला, आपल्या बोलीत, मोठ्याने. बाहेर टाइपरायटर थांबले. दहा वर्षांत त्या खोलीत मी मालवणी बोललो नव्हतो, गुरुदास. माणसाला स्वतःचा आवाज इतका परका वाटावा? वाचून झाल्यावर अहवालाचा मसुदा पुढे ओढला, एकाहत्तरवर रेघ मारली आणि बाजूला 'एक' लिहून खाली सही केली. पूर्ण नाव, हरिश्चंद्र वगैरे सगळे. सही करायची फार हौस होती, ती अशी भागली.

अधिकाऱ्यांच्या यादीतून माझे नाव गेले. काढून टाकतील असे वाटले होते. साहेबांनी त्यापेक्षा बरी शिक्षा शोधली. म्हणाले, "तुम्हाला वाडीची इतकी माहिती आहे, तर तुम्हीच जा." मालवण शाखेत ठेव-प्रतिनिधीची एक जागा रिकामी आहे. पगार निम्मा. कोटा दोनशे. नको असेल तर राजीनामा. मी म्हटले, जातो. पण जे येणार नाही ते येणार म्हणून सांगणार नाही, हे आत्ताच लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतले नाही. मीच लिहून त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

तुझी जागा मी घेतो आहे, याचा राग धरू नकोस. धरलास तर तोंडावर बोल. शुक्रवारच्या बोटीने निघतो.

मसुऱ्याचा चढ अजून तेवढाच आहे ना?

भाई


मालवण, २४ डिसेंबर १९६४

भाई,

तुझे पत्र मला मिळायच्या आधी तुझ्या बदलीची तार बँकेत आली. लवू ती खिशात घालून धावत किनाऱ्यावर आला आणि मला वाचून दाखवली, म्हणून हे लिहितो आहे. बोटीवरून उतरशील तेव्हा हे पत्र लवूच तुझ्या हातात देईल. मी धक्क्यावर नसेन. सकाळी रापण असते आणि आता मी दोरावर आहे. आजवर एकही वाटा चुकलेला नाही.

मी रागावलेलो नाही म्हटले तर ते खोटे होईल, आणि खोटे बोलायचे मी सोडले आहे. नायलॉन नामंजूर झाले हे माहीत असून तू गप्प बसलास, त्याचा राग आहे. बदली का झाली ते तारेत नाही. पण माझा कागद साहेबांपुढे ठेवल्याशिवाय हेड ऑफिस तुला इथे पाठवणार नाही, एवढे मला कळते. तेवढ्यापुरता राग कमी झाला आहे.

कारखानिसांनी फळा अजून काढलेला नाही. माझे नाव पुसून तुझे लिहिले आहे. पुढचा 'एक' मात्र पुसला नाही. का ते त्यांनाच ठाऊक. तुझी सुरुवात तिथून आहे. त्या एकाला जप.

सायकल तीच आहे. चेन मसुऱ्याच्या चढावरच निसटते, अर्ध्यावर, जिथे सावली नाही तिथे. मागचे चाक उचलून पायडल उलटे फिरव, बसेल. माथ्यावर पोचेपर्यंत नवी घोषणा सुचली तर मला ऐकव.

मग सरळ माडवाडीला ये. यमुनाबाईला सांगितले आहे, चुली मोजणारा साहेब येतो आहे. तिने तांदूळ काढून ठेवले आहेत. टेकडीकडे वळू नकोस, पहिले दार तिचेच आहे.

गुरुदास